पट्टी उतरवली म्हणून काय बिघडलं?

"आवाज गेला रे त्याचा!" हे वाक्य आपल्या होस्टेलमध्ये आठवड्यातून एकदा तरी ऐकू येतंच. 'त्याचा' म्हणजे कधी ॲक्सल रोझचा, कधी बॉन जोव्हीचा, कधी आणखी कुणाचा. म्हणणारा बहुतेक वेळा खांद्यावर टॉवेल टाकून बाथरूमच्या रांगेत उभा असतो, आणि स्वतः 'हॅपी बर्थडे'सुद्धा तीन वेगवेगळ्या सुरांत गातो. पण मत पक्कं. जणू काही सुप्रीम कोर्टाचा निकाल!

१७ मे २०२५ ला महालक्ष्मी रेसकोर्सवर गन्स अँड रोझेसचा शो झाला, तेव्हापासून हा वाद आमच्या विंगमध्ये मुक्कामालाच आला आहे. एक पार्टी म्हणते, एवढे पैसे घेतात तर गाणं रेकॉर्डसारखंच ऐकवा. दुसरी पार्टी म्हणते, अरे, माणूस साठी उलटलेला आहे, तुझे बाबा या वयात जिना चढताना दोनदा थांबतील. दोन्ही पार्ट्यांचं ऐकून ऐकून माझे कान किटले, म्हणून हा लेख. आमच्या संपादक मॅडम म्हणाल्या, मराठी विभागात रॉकवर कुणी लिहीत नाही, तू लिही. मी म्हटलं लिहितो, पण रॉकवर लिहायला बसलो आणि निम्मा लेख शाहिरांवर झाला. तो का झाला ते पुढे येईलच.

आधी एक साधी गोष्ट बघा. 'ॲपेटाइट फॉर डिस्ट्रक्शन' हा अल्बम १९८७ चा. तेव्हा ॲक्सल २५ वर्षांचा होता. म्हणजे आपल्या फायनल इयरच्या पोरांपेक्षा तीनेक वर्षांनी मोठा. स्टुडिओत बसून, हव्या तेवढ्या वेळा घेऊन, त्यातला सर्वात चांगला टेक ठेवून ते गाणं तयार झालं. आणि आपण काय मागतो? की त्याच माणसानं तेच गाणं पुढची जवळजवळ चाळीस वर्षं, एक दिवसाआड, नवीन शहरात, उघड्या मैदानात, एका टेकमध्ये तसंच्या तसं म्हणावं. अशी मागणी आपण सचिन तेंडुलकरकडे करत नाही. त्याच्या जुन्या इनिंग्ज आपण यूट्यूबवर बघतो आणि खूश होतो. पन्नाशीतला सचिन एखाद्या प्रदर्शनीय सामन्यात दोन चौकार मारतो तेव्हा टाळ्या वाजवतो. तिथे आपण शहाणे असतो, पण गाणाऱ्याच्या बाबतीत मात्र नाही.

आता थोडं इंजिनिअरिंग. घाबरू नका, व्हायवा नाही. गळ्यात स्वरयंत्र असतं (हा शब्द मला अकरावीत कळला, त्याआधी फक्त 'लॅरिंक्स' माहीत होता, कॉन्व्हेंटची कृपा) आणि त्यात दोन स्वरतंतू असतात. पुरुषाचे सुमारे दोन सेंटिमीटर लांबीचे, बाईचे त्याहून लहान. बोलताना पुरुषाचे स्वरतंतू सेकंदाला साधारण १०० ते १२५ वेळा एकमेकांवर आपटतात, बाईचे २०० च्या आसपास. पण रॉकमधला वरचा सूर घ्या. ४४० हर्ट्झचा सूर लावला की ते तंतू सेकंदाला ४४० वेळा आपटणार. समजा दोन-अडीच तासांच्या शोमध्ये गायक खरोखर गातो तो वेळ एक तास, आणि सरासरी धरली ३०० हर्ट्झ. गुणाकार करा : १० लाख ८० हजार आघात. एका रात्रीत! स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्सवाल्यांना फटीगचा तो आलेख आठवत असेल. दहा लाख सायकल्स म्हटलं की आपले सर नमुन्याकडे आदरानं बघायला लागतात. फरक एवढाच की स्टील झोपून बरं होत नाही, माणसाचा गळा होतो. पण तरुणपणी एका रात्रीत जे भरून येतं त्याला साठीत तीन रात्री लागतात, आणि दौऱ्याच्या वेळापत्रकात त्या तीन रात्री नसतात.

शिवाय वयाप्रमाणे तंतूंमधला स्नायू बारीक होतो, दोन्ही कडा नीट मिळत नाहीत, मधून हवा निसटते. आवाज फुसका वाटतो तो त्यामुळे. स्वरयंत्राची कूर्चा हळूहळू हाडासारखी कडक होत जाते. छातीचा पिंजरा ताठरतो, त्यामुळे दम कमी पडतो. गंमत म्हणजे पुरुषांचा बोलण्याचा आवाज म्हातारपणी थोडा बारीक, वरचा होतो आणि बायकांचा खाली येतो. म्हणून पूर्वी वरच्या सुरात गाणाऱ्या गायिकेला सगळ्यात जास्त त्रास. उलट उषा उथुप बघा. १९४७ चा जन्म, मुंबईतच वाढलेल्या, आवाज मुळातच खर्जातला. म्हातारपण येऊन हिरावून नेईल असा उंच मजला त्यांनी बांधलाच नव्हता. २०२४ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं तेव्हाही त्या स्टेजवर गातच होत्या.

आणखी एक गोष्ट इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांसाठी. आजूबाजूला गोंगाट असला की माणूस नकळत आवाज चढवतो. याला लोम्बार्ड परिणाम म्हणतात, लोम्बार्ड नावाच्या फ्रेंच डॉक्टरच्या नावावरून. लोकलमध्ये फोनवर बोलणारा काका का ओरडतो त्याचं उत्तर हेच. आता गायकाच्या मागे ड्रम्स, बाजूला गिटारचा अँप्लिफायर, समोर हजारो लोक, आणि त्याला स्वतःचाच आवाज ऐकू येत नसेल तर तो काय करणार? ढकलणार. आणि ढकललेला गळा दुसऱ्या दिवशी बसणार. म्हणून हल्ली मोठे गायक कानात मॉनिटर घालतात. ती काही फॅशन नाही.

आता मुद्द्याकडे येतो. माझं म्हणणं असं, की रॉकला म्हातारं कसं व्हायचं हे माहीतच नव्हतं. हे संगीत सुरू झालं तेव्हा गाणारेही तरुण आणि ऐकणारेही तरुण. साठीतला रॉक गायक कसा दिसतो, कसा गातो, याचा नमुनाच समोर नव्हता. त्या पहिल्या पिढीलाच ते शोधून काढावं लागलं. ७ एप्रिल २००३ ला रोलिंग स्टोन्स मुंबईत ब्रेबॉर्न स्टेडियमवर आले तेव्हा मिक जॅगर ५९ चा होता आणि लोकांना ते अजब वाटलं होतं. पुढे २०१९ मध्ये हृदयाची झडप बदलून तो काही महिन्यांत पुन्हा स्टेजवर पळत होता. आयर्न मेडनच्या ब्रूस डिकिन्सननं २००८ चा जागतिक दौरा मुंबईतून सुरू केला, विमानही स्वतः चालवत. २०१५ मध्ये त्याला जिभेच्या मुळाशी कॅन्सर असल्याचं जाहीर झालं. उपचार घेऊन २०१६ ला तो परत गायला लागला. हे सगळे आपापल्या परीनं चाचपडत होते.

आपल्याकडे मात्र ही वाट आधीच मळलेली होती. म्हातारा गायक हा आपल्याकडे अपवाद नव्हेच, तो तर मानाचा पाहुणा! आणि त्याला सांभाळून घेण्याची सोय गाण्याच्या रचनेतच करून ठेवलेली.

पहिली सोय म्हणजे पट्टी. पेटीवाला बसला की पहिला प्रश्न विचारतो, "कुठली पट्टी?" उत्तर येतं काळी एक, पांढरी चार, जी असेल ती. "मूळ गाण्याची कुठली?" असं तो विचारत नाही. ज्याचा जो षड्ज, तोच खरा. तिशीत एका पट्टीत गाणारा सत्तरीत दोन सूर खाली आला तर समोरच्या रांगेतले आजोबा मान डोलावतात, कुणी ट्यूनर ॲप काढून बसत नाही. गिटारवर हे जरा अवघड, कारण रिफ मोकळ्या तारांवर बांधलेला असतो. पण तिथेही तारा उतरवता येतात. एक अर्धा सूर खाली म्हणजे फ्रिक्वेन्सी सुमारे १.०६ नं भागायची. दोन अर्धे सूर उतरवले की ४४० चे ३९२ होतात. ऐकणाऱ्यातल्या शंभरातल्या नव्वदांना कळतसुद्धा नाही, आणि गळा वाचतो. आमच्या विंगमधल्या 'ओरिजिनल स्केल'वाल्यांसाठी एक बातमी : गन्स अँड रोझेस पहिल्या अल्बमपासूनच गिटार अर्धा सूर खाली लावून वाजवतात. तुमचं ओरिजिनल मुळात उतरवलेलंच आहे!

दुसरी सोय म्हणजे झीलकरी. पोवाड्यात शाहीर एक कडवं फेकतो आणि मागचे दोघं-तिघं 'जी जी रं जी' म्हणत ती ओळ उचलतात. मी लहानपणी समजायचो की ते फक्त जोर आणायला. जोर तर येतोच, पण शाहिराला श्वास घ्यायला जागाही मिळते. लोकशाहीर विठ्ठल उमप यांचं उदाहरण घ्या. जन्म १९३१, मुंबईचा. 'जांभूळ आख्यान' त्यांनी उतारवयापर्यंत केलं. एकटा माणूस गातोय, नाचतोय, बोलतोय, मध्येच द्रौपदी होतोय. 'टिंग्या' चित्रपट २००८ चा, त्यातही ते होते, म्हणजे तेव्हा त्यांची सत्तरी उलटून गेली होती. नोव्हेंबर २०१० मध्ये नागपूरला दीक्षाभूमीवर, स्टेजवरच ते कोसळले आणि गेले. वय ७९. त्यांना कुणी "आवाज गेला" म्हटल्याचं माझ्या ऐकण्यात नाही. कारण त्यांचं गाणं फक्त वरच्या सुरावर उभं नव्हतं. शब्द, ताल, अभिनय, मागचे साथीदार, डफ आणि ढोलकी... एक खांब कमकुवत झाला तर बाकीचे धरून ठेवत होते. स्ट्रक्चरवाले याला रिडंडन्सी म्हणतात.

शास्त्रीय संगीतातही तेच. मागे तानपुऱ्यावर शिष्य बसतो तो काय फक्त तारा छेडायला? गुरूनं खूण केली की तो वरचा सूर धरतो आणि बुवा तोवर खाली येऊन रागाची वेगळीच खोली उघडतात. २००७ च्या सवाई गंधर्व महोत्सवात पं. भीमसेन जोशी ८५ व्या वर्षी गायला बसले. व्हीलचेअरचे दिवस होते ते. लोकांना तारुण्यातली ती गडगडाटी तान नको होती. लोक जे होतं ते ऐकायला आले होते, आणि रडले.

पण आपल्याकडे सगळं गोडच होतं असंही नाही हं. बालगंधर्वांची गोष्ट आठवा. १८८८ चा जन्म. १९११ च्या 'मानापमान'मधली भामिनी, लोक वेडे झाले. पण पब्लिकला कायम ती भामिनीच हवी. १९३५ मध्ये त्यांनी प्रभातच्या 'धर्मात्मा' चित्रपटात संत एकनाथांची भूमिका केली, पुरुषाची, वयाला शोभणारी. केवढी छान वाट होती ती! पण मन तिथे रमलं नाही, आणि ते पुन्हा रंगभूमीवर, पुन्हा साडीत. पन्नाशी उलटल्यावरही. माझ्या आजीच्या पिढीतले लोक अजून ते कौतुकानं सांगतात. मला मात्र त्यात थोडी क्रूरता दिसते. 'वन्स मोअर' ओरडायला आपल्याला काय जातं? ॲक्सलकडे १९८७ मागणारा आणि बालगंधर्वांकडे १९११ मागणारा प्रेक्षक, दोघं सख्खे भाऊ आहेत.

आणि आपला स्वतःचा रॉक गायक? होता की. नंदू भेंडे! आत्माराम आणि आशा भेंडे यांचा मुलगा, म्हणजे अस्सल मराठी नाटकातलं घर. १९७४ मध्ये अलेक पदमसींनी 'जीझस क्राइस्ट सुपरस्टार' केलं त्यात ते जुडास होते. ज्यांनी ती गाणी ऐकली आहेत त्यांना माहीत आहे की जुडासला किती किंचाळावं लागतं, तेही सुरात. मग १९७८ ला पु. लं.चं 'तीन पैशाचा तमाशा'. मग १९८२ च्या 'डिस्को डान्सर'मध्ये 'कृष्णा धरती पे आजा तू'. हे गाणं आपल्यातल्या प्रत्येकानं ऐकलंय आणि कुणाचं ते कुणालाच माहीत नाही! ११ एप्रिल २०१४ ला ते गेले. मला वाटतं नाटकातून आलेल्या माणसाला एक गोष्ट घरातच शिकायला मिळते : आजचा प्रयोग संपला तरी उद्या दुपारी साडेतीनला दुसरा आहे, त्यामुळे आज सगळं ओतून टाकायचं नाही. बेडरूममध्ये गिटार शिकलेल्या पोरांना हे कुणी सांगत नाही. आमच्या कॉलेज बँडचा व्होकलिस्ट फेस्टच्या आदल्या रात्री तीन वाजेपर्यंत प्रॅक्टिस करून दुसऱ्या दिवशी खुणांनी बोलत होता. वय २१!

आता लोक म्हणतील, मग काय, काहीही चालवून घ्यायचं? नाही. माझी रेघ साधी आहे. पट्टी उतरवा, वरच्या ओळी कोरसला द्या, खुर्चीवर बसा, मध्ये वीस मिनिटं गिटारवाल्याला वाजवू द्या, सगळं मंजूर. पण टेप लावून ओठ हलवू नका. पहिल्या सगळ्यांत माणूस आहे, शेवटच्यात फक्त तिकीट आहे. आणि जमतच नसेल तर थांबा. एरोस्मिथनं ऑगस्ट २०२४ मध्ये तेच केलं. स्टीव्हन टायलरच्या स्वरयंत्राला २०२३ च्या सप्टेंबरमध्ये इजा झाली होती, ती पूर्ण भरून येत नाही म्हटल्यावर त्यांनी दौरे कायमचे बंद केले. ओझी ऑस्बर्न ५ जुलै २०२५ ला बर्मिंगहॅममध्ये, आपल्याच गावात, सिंहासनावर बसून शेवटचं गायला. पार्किन्सन्समुळे उभं राहता येत नव्हतं. २२ जुलैला गेला. सूर सगळे लागले का? नाही लागले. तिथल्या एकानंही पैसे परत मागितले नसतील. आणि आशा भोसले यांनी ९० व्या वाढदिवसाला, ८ सप्टेंबर २०२३ ला, दुबईत आख्खा शो केला. पुढच्याच वर्षीच्या डिसेंबरात तिथेच 'तौबा तौबा' गाऊन त्यावरची स्टेपही केली. ९१ व्या वर्षी नव्या पोरांचं गाणं उचलणं ही सगळ्यात हुशार युक्ती. त्या गाण्यात त्यांची तुलना स्वतःच्या पंचविशीशी करताच येत नाही ना!

"मग घरी बसावं ना त्यांनी" असं म्हणणाऱ्यांना एक प्रश्न. घरी बसून खायचं काय? जॅगरचं सोडा. मी आपल्या ऑर्केस्ट्रावाल्यांबद्दल बोलतोय. मुलुंडच्या कालिदासला, बोरिवलीच्या प्रबोधनकार ठाकरे नाट्यगृहात, पार्ल्याच्या दीनानाथला जुन्या गाण्यांचे कार्यक्रम होतात. गणपतीत अंधेरी-घाटकोपरच्या मैदानांवर होतात. तिथे गाणाऱ्यांत साठीचे कितीतरी असतात. त्यांनी दुसऱ्यांची गाणी गायलेली, त्यामुळे रॉयल्टीचा प्रश्नच नाही. पीएफ नाही, ग्रॅच्युइटी नाही. राज्य सरकारची ज्येष्ठ साहित्यिक-कलावंतांसाठी मानधन योजना आहे, २०२४ पासून महिना ५,००० रुपये. आपलं मेसचं बिल आठवा आणि मग बोला. तो माणूस नॉस्टॅल्जियासाठी गात नाही, तो कामावर आलेला असतो.

असाच एक गायक मागच्या वर्षी एका कॉलेजच्या फेस्टला बोलावला होता. नाव सांगत नाही, कॉलेजचंही नाही. मी तिथे प्रेक्षकांत होतो. वय पासष्टच्या पुढे. संध्याकाळी सातचा स्लॉट सांगून त्यांना बोलावलं, फॅशन शो लांबला म्हणून नऊ दहाला स्टेजवर सोडलं. दहाला स्पीकर बंद करायचे असतात हे सगळ्यांना माहीत. म्हणजे पन्नास मिनिटांत दोन तासांचं गाणं कोंबायचं, मध्ये पाणी प्यायलाही उसंत नाही. साउंड चेक दिलाच नव्हता. समोर जनतेसाठी भले मोठे सबवूफर, पण गायकाच्या पायाशी एक मॉनिटर नाही. तिसऱ्या गाण्याला आवाज फाटला. मागून कुणीतरी "काका, घरी जा" ओरडलं, हशा पिकला, वीस-पंचवीस मोबाइल वर गेले. त्या क्लिपला रात्रीत केवढे व्ह्यूज मिळाले म्हणे. काकांनी मात्र उरलेली चारही गाणी म्हटली, एक ओळ प्रेक्षकांना गायला लावून, दोन ओळी कीबोर्डवाल्या मुलीला देऊन, शेवटचं तर पट्टी उतरवून. कसलेला माणूस! पण क्लिपमध्ये ती चार गाणी नाहीत, फाटलेला सूर तेवढा आहे.

गळा कुणाचा फाटला हो? सगळं गणित वर दिलंय. तासाला दहा लाख आघात, वर लोम्बार्ड, वर घाई. त्या अवस्थेत पंचविशीचा ॲक्सलही फाटला असता.

आपला फेस्ट फेब्रुवारीत आहे आणि कल्चरल कमिटीत या वर्षी एक 'रेट्रो नाइट' ठरतेय असं ऐकतो. जी.एस. साहेब आणि कमिटीवर असलेले सर, जरा इकडे लक्ष द्या. साउंडवाल्याच्या कोटेशनमध्ये दोन फोल्डबॅक मॉनिटर घाला. त्याचं भाडं त्या धुराच्या मशीनपेक्षा कमी असतं, मी विचारून आलोय. दुपारी अर्धा तास साउंड चेक, नावापुरता नाही, खरा. स्टेजवर एक उंच स्टूल आणि कोमट पाण्याचा थर्मास. गायकाला पट्टी आधी विचारा आणि आपल्या बँडच्या पोरांना त्याच पट्टीत बसवा. आमचा गिटारवाला कुरकुर करेल, त्याला मी बघतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, स्लॉट सातचा सांगितला तर सातलाच द्या. फॅशन शो नऊला ठेवा. त्याला आवाज लागत नाही.